बस, बस आणि बस

बाबांच्या खाटेशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. त्याच्या चौकोनांत आईनं पेन्सिलीनं बारीक खुणा केलेल्या आहेत. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, फुली, कुठे नुसता ठिपका. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, दुधाचा हिशोब असेल. दुधाचा हिशोब आई स्वयंपाकघरातल्या वहीत ठेवते. भिंतीवरचा हिशोब एका शब्दाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आषाढात, पहाटे, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. उजवा पाय ओढत चालण्यापुरता परत आला. बोलणं मात्र आलं नाही. ज्या माणसानं ३१ वर्षं एसटीच्या दारात उभं राहून काटोल, सावनेर, उमरेड, पवनी अशी गावं पुकारली, त्याच्या तोंडी एकच आवाज उरला. बस.

समोरचं त्यांना सगळं कळतं. भावाची धाकटी पाढा म्हणताना चुकली तर मान हलवून थांबवतात. पेपर उलटा हातात दिला तर सुलटा करून घेतात. सुट्ट्या पैशांचा हिशोब अजून माझ्याआधी त्यांचा होतो, बोटांनी दाखवतात. पण बोलायला तोंड उघडलं की 'बस' येतं.

दवाखान्यातून घरी पाठवताना जी फाइल मिळाली, तिच्यात इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा की रुग्ण एकच निरर्थक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते, बावीस वर्षं झाली. हातात लाल पेन नसलं तरी डोळा चुकीवर अडतोच. त्या ओळीवर तो अडला, तो अजून तिथंच आहे. 'निरर्थक' हे चूक आहेच. त्याहून मोठी चूक 'एकच' ही आहे.

आईला हे घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच कळलं. वरणभाताचा घास तिनं पुढं केला. बाबा म्हणाले, "बस." पोट भरलं असेल म्हणून तिनं ताट उचललं. बाबांनी डाव्या हातानं ताट परत ओढलं आणि खाटेच्या कडेवर तळवा आपटून पुन्हा म्हणाले, "बस." आई उभी होती. ती खाटेवर टेकली, तसे बाबा जेवू लागले.

"मले बसाले सांगून राहिले होते वं," आई संध्याकाळी मला म्हणाली, "अन् मी ताटच उचललं." हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

त्या रात्री कॅलेंडरवर पहिली उभी रेघ पडली. उभी रेघ म्हणजे इथं टेक. आडवी म्हणजे पुरे झालं. गोल म्हणजे गाडी. सकाळी सहाच्या सुमारास पहिली सिटी बस आमच्या वळणावर गिअर बदलते आणि बाबा खिडकीकडे बघतात, तो बस गोल. फुली म्हणजे 'माह्या बसचं नाही'. जिन्याच्या पाचव्या पायरीवर, कठड्याला धरून, खाली मान घालून म्हणतात तो. आणि ठिपका म्हणजे आईला कळला नाही तो.

शब्दकोश करणारी माणसं हेच करतात. एकाच अर्थाला फाटे फुटले असले तर एकाच नोंदीखाली एक, दोन, तीन असे आकडे घालून ते देतात. मूळच वेगळं असेल, तर शब्द दिसायला तंतोतंत सारखा असला तरी त्याला स्वतंत्र नोंद मिळते. फाइलवर नोंद एक होती. सहावी पास असलेल्या माझ्या आईनं कोश न उघडता चार केल्या.

पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली असाच एक माणूस तपासला होता. तो वर्षानुवर्षं 'तां' एवढंच म्हणत असे, बहुधा दोनदा, 'तां तां'. रुग्णालयात सगळे त्याला 'तां' म्हणूनच ओळखत. दुसऱ्याचं बोललेलं त्याला कळे, खुणांनी तो उत्तरं देई. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा होती. मेंदूच्या त्या जागेला आज ब्रोकांचं नाव आहे. बोलणं मेंदूत कुठून निघतं याचा पहिला भक्कम पुरावा म्हणून तो माणूस वैद्यकाच्या पुस्तकांत कायमचा राहिला. मला राहून राहून वेगळंच वाटतं. त्याचे सगळे 'तां' सारखे होते का? त्याच्या खाटेशी पेन्सिल घेऊन कोणी बसलं होतं का?

*

'बस'ची पहिली व्युत्पत्ती मला बाबांनीच सांगितली. मी सहा-सात वर्षांची असेन. गणेशपेठच्या स्टँडवर आईबरोबर त्यांचा डबा द्यायला गेले होते. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे. मी विचारलं, बसला बस काहून म्हणतात? बाबा रंगीत तिकिटांचे गठ्ठे ट्रेमध्ये लावत होते. मान वर न करता म्हणाले, "लोकं बसतेत म्हणून बस."

"अन् जे उभे राहतेत ते?"

"ते पुढच्या गावाले बसतेत."

मग त्यांनी पंच माझ्या हातात दिला आणि एका कोऱ्या कागदाला भोकं पाडू दिली. गाडी सुटायची वेळ झाली तशी मला उचलून दोरीपर्यंत नेलं. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की निघ. मी दोनदा ओढली. टण टण. एवढी मोठी गाडी माझ्या हातानं हलली, हे मला अजून आठवतं.

बाबांनी सांगितलेलं मूळ मी कितीतरी वर्षं खरं मानलं. ते खरं नाही हे कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण लोक परक्या शब्दाला असंच घरातलं करून घेतात. गाडी आली, ती चालली, तिच्यात आपण बसू लागलो, आणि तिचं नाव आपल्याच क्रियापदासारखं निघालं. मराठी माणसाला या शब्दाचं आयतं आसन मिळालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा कधी कधी मला ड्यूटीवर सोबत नेत. एकदा छिंदवाड्याची गाडी होती. सावनेरला एक आजी चढल्या. डोक्यावर गाठोडं, हातात कडी असलेला डबा, बोलणं हिंदी. गाडी गच्च भरलेली. त्यांच्यासमोरच्या सीटवर एक पोट्टा उभा राहून खिडकीतून अर्धा बाहेर ओणवला होता. बाबा मागून ओरडले, "ए, खाली बस!"

आजींचा चेहरा उजळला. "खाली बस? कहाँ है?" असं म्हणत त्या गाठोडं सावरून दाराकडे निघाल्या.

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग पुढच्या सीटवरचे दोघं हसले, मग हसू मागपर्यंत गेलं. कोणीतरी आजींना समजावलं, तशा त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. बाबांनी त्या पोट्ट्याला त्याच्या आईच्या मांडीवर बसवलं आणि आजींना खिडकीची जागा दिली. आजी सौंसरपर्यंत मध्ये मध्ये 'खाली बस' म्हणत हसत होत्या.

चार अक्षरं, आणि दोन्ही भाषांत पूर्ण वाक्य. मराठीत खाली म्हणजे वरचं उलट, बस म्हणजे टेक. हिंदीत खाली म्हणजे रिकामी, तो शब्द अरबीतून आलेला, आणि बस म्हणजे गाडी. उच्चारात एका मात्रेचाही फरक नाही. आम्ही नागपूरकर 'खाली उतर' म्हणतो आणि 'घर खाली कर' असंही म्हणतो, आणि गल्लत होत नाही. हे शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होतं. पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली तेव्हा नागपूर मुंबई प्रांतात नव्हतंच. दोन्ही भाषा ऐकतच इथला माणूस मोठा होतो. 'शिक्षा' म्हणजे इकडे छडी आणि तिकडे शाळा, 'चेष्टा' म्हणजे इकडे टिंगल आणि तिकडे प्रयत्न, 'संसार' म्हणजे इकडे चूल-बोळकी आणि तिकडे अख्खं जग, हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण त्या सगळ्या एका आईच्या लेकी आहेत, दोन घरी दिलेल्या. दोन्ही घरी गेल्यावर त्यांचा स्वभाव बदलला, माहेर एकच राहिलं. 'बस'चं तसं नाही.

*

बाबांना रात्री झोप लागत नाही. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, आठवड्यातल्या चार रात्री माझ्या. ते छताकडे बघत पडून असतात आणि मी शेजारी खुर्चीवर कोश घेऊन बसते. आईच्या चार खुणांची मुळं मी अशी रात्री शोधली.

उभ्या रेघेचं मूळ संस्कृतात आहे. उप आणि विश्. 'प्रवेश'मधला विश्, आणि 'उप' म्हणजे जवळ. प्राकृतात तो 'उवइस'सारखा झाला, पुढं 'बइस', मग 'बैस'. संतांच्या ओव्यांत 'बैस' आहे, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून 'बैस वं' म्हणतात. शेवटी उरला बस. त्याची एवढी झीज झाली आहे की उप कुठं संपला आणि विश् कुठं सुरू झाला हे आता बोट ठेवून दाखवता येत नाही. हिंदीतलं बैठना त्याच धातूच्या 'उपविष्ट' या रूपातून आलेलं. जवळ येऊन टेकणं, असा तो जुना अर्थ. ताट ओढून घेत बाबा आईला जे सांगत होते ते नेमकं हेच होतं.

हिंदीत आणखी एक बस आहे, 'बसना'तला. तो वस् धातूचा, राहण्याचा. मराठीनं तिथं 'व' सोडला नाही. आपण वसणे म्हणतो, वस्ती म्हणतो, वसतिगृह म्हणतो. आईच्या कॅलेंडरवर याची खूण नाही, पण बाबांच्या नोकरीत हा शब्द रोजचा होता. 'आज वस्तीची गाडी आहे' असं ते म्हणाले की आई दोन डबे भरायची. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्रभर तिथंच थांबणारी. ड्रायव्हर पुढच्या लांब सीटवर झोपायचा, बाबा मागच्या. थंडीत खिडक्यांच्या फटींत पोती कोंबायची. गावातलं कोणीतरी भाकर आणि गरम वरण आणून द्यायचं, कोणी घोंगडी. पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन चढायचे, मग शाळेची पोरं. बाबा म्हणत, वस्तीला गाडी आली की गावाले रात्री धीर राहते. कोणाला रात्री-बेरात्री काही झालं तर निदान गाडी आहे. त्यांच्या ३१ वर्षांतल्या किती रात्री अशा गावांत गेल्या, याचा हिशोब आईनं कुठं लिहिलेला नाही. तो तिला पाठ आहे.

गोलाचं मूळ शोधताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. पॅरिसमध्ये १८२८ साली आणि लंडनमध्ये १८२९ साली भाड्याच्या मोठ्या घोडागाड्या सुरू झाल्या. लंडनची गाडी जॉर्ज शिलिबीअर यांची. आधी जागा राखून ठेवायची गरज नाही. वाटेत हात करा, पैसे द्या, चढा. अशा गाडीला फ्रेंचांनी लॅटिन शब्द घेऊन नाव दिलं होतं, ओम्निबस. ओम्निस म्हणजे सगळे, ओम्निबस म्हणजे सगळ्यांसाठी. इंग्रजांनी पुढं त्याचं डोकं कापलं आणि शेपूट ठेवलं. त्या शेपटीला स्वतःचा काही अर्थ नाही. ती नुसती विभक्ती आहे, अनेकवचनाची. आपण 'घरांना'मधलं घर टाकून देऊन नुसतं 'ना' म्हणत फिरावं, तसं सगळं जग गेली कित्येक वर्षं एका प्रत्ययात बसून प्रवास करतं आहे.

आणि हा प्रत्यय मला ओळखीचा वाटला. शाळेत संस्कृतच्या तासाला आम्ही एका सुरात म्हणायचो, रामाय रामाभ्याम् रामेभ्यः, आणि लगेच पंचमीला पुन्हा रामेभ्यः. चतुर्थी-पंचमीचं अनेकवचन संस्कृतात एकच. लॅटिनमध्येही ते एकच, आणि तिथं 'भ्यः'च्या जागी 'बुस' आहे. अग्नीला लॅटिनमध्ये इग्निस म्हणतात. आपलं अग्निभ्यः, त्यांचं इग्निबुस. शेजारी शेजारी ठेवले की दोघांचे नाक-डोळे सारखे दिसतात. हे दोन प्रत्यय सख्खे म्हणावेत इतके जवळचे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं कूळ एक असलं पाहिजे, असं विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात २ फेब्रुवारी १७८६ च्या भाषणात म्हटलं होतं. तेव्हापासून अभ्यासकांनी अशा शेपट्याच जुळवून पाहिल्या. 'ओम्नि' आणि 'सर्व' हे शब्द मात्र वेगळे, नातं फक्त शेवटच्या तुकड्याचं.

म्हणजे दर पूजेच्या आरंभी गुरुजी 'सर्वेभ्यो देवेभ्यो नमः' म्हणतात, त्यातला 'भ्यो' आणि गणेशपेठच्या फलाटावर उभी असलेली ती लाल गाडी, यांचं रक्त एक. आणि 'बसणे' आणि 'बस', जे एकमेकांचे जुळे वाटतात, ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

मी बाबांना हलवून सांगितलं. रात्रीचे अडीच वाजले होते. म्हटलं, "बाबा, बस म्हणजे सर्वेभ्यः. सगळ्यांसाठी." ते माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बस." सकाळी मी आईला विचारलं, याची कोणती खूण? ती म्हणाली, ठिपका.

सगळ्यांसाठी, हा अर्थ मला त्या रात्रीपासून सोडत नाही. कोणी कुठं बसायचं, कोणाच्या शेजारी बसायचं, कोणी बसायचंच नाही, यावर आपल्याकडे शेकडो वर्षं माणसं तुडवली गेली. हे शहर १४ ऑक्टोबर १९५६ चं शहर आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्यांसाठी जादा गाड्या सुटतात, आणि बाबा ती ड्यूटी मागून घेत. नवीन कंडक्टरला ते सांगत, "गाडीत बसलेल्याले फक्त एकच इचारायचं, कुठं जायचं." लॅटिन त्यांना येत नव्हतं. पण शब्दाचं कापलं गेलेलं डोकं त्यांनी आपल्या परीनं परत जोडलं होतं. आमच्या सिटी बसवर 'आपली बस' असं लिहिलेलं असतं, ते वाचताना आता मला दर वेळी बाबाच दिसतात.

माझा भाऊ वीज उपकेंद्रात आहे. तिथं तांब्या-अॅल्युमिनियमची जाड पट्टी असते, तिच्यावरून सगळ्या लाइनींना वीज घेता येते. तिला बसबार म्हणतात. तोही त्याच ओम्निबसचा. बापलेकांनी आयुष्यभर एकच प्रत्यय चालवला.

राहिल्या आडवी रेघ आणि फुली.

पुरे झालं, या अर्थाचा बस फारसीतून आला. पुण्याकडे त्याचं 'बास' होतं, आम्ही बस म्हणतो, फार वैतागलो तर 'बस्स'. फारसीत तो आधी 'वस' होता आणि त्याच्याही आधी, जुन्या इराणी भाषेत, 'वसिय'. इराणच्या दारियस राजानं इ.स.पू. ५२० च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून घेतलेल्या लेखात तो आहे. मग देशात खोटं फार माजलं, असं राजा सांगतो, त्यातला 'फार' म्हणजे हा वसिय. (खोट्यासाठी तिथं 'द्रौग' आहे, आपल्या 'द्रोह'चा भाऊ.) वसियचा मुळातला अर्थ मनाजोगतं, हवं तेवढं. हवं तेवढं म्हणजे भरपूर, आणि भरपूर झालं म्हणजे पुरे.

फुलीचा बस, 'माह्या बसचं नाही'तला, हिंदीतून आमच्या बोलीत आलेला. त्याचं मूळ संस्कृत 'वश'. आपण वश होणे म्हणतो तेव्हा ताबा डोळ्यांपुढं येतो, पण वश् या धातूचा अर्थ इच्छिणं. आपली इच्छा जिथवर चालते तिथवर आपला वश. आणि जुन्या इराणीतला तो वसिय याच धातूचा आहे. एक शब्द हिंदुकुशाच्या अलीकडे आला, एक पलीकडे राहिला. अडीच-तीन हजार वर्षांनी तो पलीकडचा फारसी बोलणाऱ्यांबरोबर इकडे आला, तोवर दोघांचं रूप झिजून पुन्हा एकच झालं होतं. बस आणि बस. त्यांना एकमेकांची ओळख राहिली नव्हती.

हे मी आईला सांगितलं. म्हटलं, तुझी आडवी रेघ आणि फुली, दोघी चुलत बहिणी निघाल्या. तिला काही नवल वाटलं नाही. पोळी शेकता शेकता म्हणाली, "तं होयच. होत नाही तवाच तं माणूस पुरे म्हणते."

*

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मधून मधून एक संदेश फिरतो. जगातले सगळे शब्द कसे आपलेच आहेत, याची यादी. मागे त्यात 'बस'ही होता, बसणे या क्रियापदापासून इंग्रजांनी उचललेला. मी उत्तर लिहिलं, ते कोणी वाचलं नसावं. इंग्रजी 'बॅड' आणि आपल्या बदनामीतला फारसी 'बद', आवाज जवळपास एक आणि अर्थही एक, तरी दोघांचा काही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग. उलट चाक, सायकल आणि इंग्रजी 'व्हील' हे तीन शब्द बघा. चाक चक्रावरून, सायकल ग्रीक 'क्युक्लोस'वरून, व्हील इंग्रजांच्या स्वतःच्या जुन्या शब्दावरून, आणि तिघंही एकाच शब्दाची लेकरं. तोंडावरून कोणी म्हणेल?

मी यात एवढी का पेटते, असं मला भाऊ विचारतो. आवाज सारखा म्हणून नातं लावणं आणि आवाज सारखा म्हणून शब्द एकच धरणं, ही एकाच जातीची चूक आहे. पहिली चूक करून लोक अभिमान मिरवतात. दुसरी चूक कोणीतरी माझ्या बापाच्या फाइलवर लिहून ठेवली आहे.

ती चूक आपल्याच भाषेत, आपल्याच माणसाकडूनही होते. बाबांना झटका आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते पहिल्यांदा आधार न घेता उठून बसले. मी आनंदानं पुण्याला आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, बाबा बसून राहिले!" पलीकडे एकदम शांतता. मग आत्याचा कापरा आवाज, "म्हणजे? आता उठणारच नाही का गं दादा?" चाळीस वर्षांत आत्याचे कानही पुणेरी झाले होते. आमच्याकडे बसून राहिले म्हणजे या क्षणी बसलेले आहेत. तिच्याकडे बसून राहिले म्हणजे तिथंच अडकले, संपलं. मी ओरडून सांगितलं, "नाही वं आत्या, बसले! बसलेत ते!" मग आम्ही दोघी फोनवर रडलो. इतका रडण्यासारखा आनंद त्या महिन्यात दुसरा झाला नव्हता.

कॅलेंडरवर ठिपके आता कमी झाले आहेत. पहिल्या वर्षी एका चौकोनात पाच-सहा असायचे, आता आठवड्याला एखादा. स्पीच थेरपीच्या ताई घरी येतात, त्यांनी पहिल्यांदा ते कॅलेंडर पाहिलं तेव्हा पाचही खुणांचा अर्थ आईकडून वहीत उतरवून घेतला. जुने कागद आई फाडून टाकत नाही. गुंडाळून, रबर लावून, बाबांच्या जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवते.

मागच्या सोमवारी माझी लेक अमरावतीला निघाली. कॉलेज, वसतिगृह, पहिल्यांदाच एकटी. आजोबांच्या पाया पडायला आली तेव्हा बाबा काठी टेकत दारापर्यंत आले होते. चौकटीला खांदा लावून उभे राहिले. म्हणाले, "बस."

ती खुर्चीकडे वळली. "बसू आबा?" बाबांनी मान हलवली, नाही.

"हो, एसटीनंच चालले. गणेशपेठवरून." तेही नाही.

"पुरे म्हणता? जाऊ नको म्हणता?" बाबांनी जोरात मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम आला. पुन्हा म्हणाले, "बस," आणि डाव्या हाताच्या बोटांची पेरं दाराच्या चौकटीवर आपटली. दोनदा.

लेक क्षणभर थांबली, मग वाकली, त्यांच्या पायांना हात लावला, बॅग उचलली आणि पायऱ्या उतरली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं दोनदा मागं पाहिलं. बाबा तिथंच उभे होते.

आम्ही दोघींनी त्यांना खाटेवर आणून बसवलं. आईनं कॅलेंडरवरची पेन्सिल काढली आणि सोमवारच्या चौकोनासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं दोन छोट्या रेघा शेजारी शेजारी काढल्या.

मी विचारलं, "हे काय?"

"नवीन हाये," ती म्हणाली.